वाऱ्यावरची गाडी, पेण ते रोहा

प्रयोगशाळेत साहित्यापेक्षा किस्से जास्त व्हायला बरीच वर्षं लागत असतील, असं मला वाटायचं. मला एक सत्र पुरलं.

पेणजवळच्या एका शाळेत मी विज्ञान शिकवते, तेही एका वर्षाच्या बोलीवर. रोह्याच्या विज्ञान प्रदर्शनासाठी मुख्याध्यापक सरांनी वाऱ्यावर चालणारी गाडी माझ्या गळ्यात घातली आणि जाता जाता म्हणाले, "गाडी चालू दे मॅडम, मग तुमचं पुढच्या वर्षीचं बघू." त्या दिवसापासून नुसतं दार आपटलं तरी माझ्या हातातला खडू पडायला लागला.

*

मदतीला आठवीतल्या साक्षी आणि प्रांजल. प्रांजल हमरापूरची, घरी गणपतीचा कारखाना. शनिवारी तिच्याकडे पुठ्ठ्याची गाडी दिली, नुसतं शीड चिकटवायला. सोमवारी गाडी आली ती रंगाचे तीन हात, सोनेरी काठ आणि शिडावर चमचमते खडे घेऊन. पंखा पाचवर केला. शीड फुगलं, गाडी ढिम्म.

एवढं कशाला केलंस गं, म्हटलं.

"बाई, आमच्याकडनं कोरी वस्तू बाहेर जात नाय."

*

दुसरी गाडी थर्माकोलची केली, चाकं बाटलीच्या झाकणांची. पंखा लावला. बंद पडला. वायर हलवली, बटण दाबलं, फिरला, पुन्हा बंद. शिपायाला हाक मारणार, एवढ्यात बटणाशी उभी प्रांजल दिसली. कारखान्यात रंग वाळेपर्यंत पंखा लावत नाहीत, धूळ बसते. आणि चाकं तिने मधल्या सुट्टीत लाल करून ठेवली होती.

*

गाडी पहिल्यांदा खरोखर चालली, तेव्हा मी फळ्याकडे तोंड करून होते. पायाला काहीतरी लागलं आणि मी थेट बाकावर. साक्षी समजुतीने म्हणाली, "बाई, उतरा. आपलीच गाडी हाय."

*

प्रदर्शनाच्या दिवशी एसटीत गाडी माझ्या मांडीवर. शीड मोडेल म्हणून वडखळ गेलं तरी मी धड टेकले नव्हते. कंडक्टरने विचारलं, हे काय? साक्षीने सांगितलं, वाऱ्यावर चालते, रोह्याला चाललीये.

"मग माझ्या गाडीत कशाला बसलात?"

*

रोह्याला परीक्षक आमच्या टेबलाशी आले आणि लाईट गेली. पंखा थांबला. सर माझ्या मागेच उभे. साक्षी गाल फुगवून फुंकायला लागली. परीक्षक म्हणाले, फुंकर नको, वारा दाखवा, आणि पुढच्या टेबलाकडे वळले. प्रांजलने जाऊन टेबलामागची मोठी खिडकी सताड उघडली.

नदीवरचा वारा आत घुसला. गाडी टेबलभर धावली आणि कडेवरून साक्षीच्या ओंजळीत पडली. गाडीमागोमाग शेजारच्या शाळेची सूर्यमाला उठली, मग पचनसंस्थेचा तक्ता, मग कुणाच्या तरी ज्वालामुखीचा धुरासाठी लावलेला कापूस. परीक्षक आपले कागद छातीशी धरून म्हणाले, "दिसलं, दिसलं. आता खिडकी लावा!"

पुढचा बराच वेळ आम्ही टेबलांखाली वाकून लोकांचे तक्ते गोळा करत होतो. सरही. त्यांनी पचनसंस्था माझ्या हातात दिली, पँटचे गुडघे झटकले.

"मॅडम, पुढच्या वर्षी भूकंप घेऊ नका."