दिओसेलिनाची पाच मिनिटं

दिओसेलिना बातिस्ता आमच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर, माझ्या समोरच्याच खोलीत राहायची. कार्निव्हलला बायका घालतात त्या पोयेरावर, म्हणजे पांढऱ्या घेरदार झग्यावर, ती भरतकाम करायची. सकाळी कॉफी घेऊन खिडकीपाशी बसली की उजेड जाईपर्यंत उठायची नाही. लग्न केलं नव्हतं. विचारलं तर म्हणायची, "वेळ कुठे होता?"

तळमजल्यावर वेन्सेस्लाओ मास्तरांची बॉक्सिंगची तालीम होती. तिथली घंटा दिवसभर वाजायची. तीन मिनिटं ठोसे, एक मिनिट आराम, पुन्हा ठोसे. दिओसेलिनाचं त्या घंटेशी वैर होतं. ती जिन्यातून ओरडायची, "मास्तर, ती घंटा नेऊन समुद्रात बुडवा!"

"आधी तुम्हाला बुडवतो बाई, मग घंटेचं बघू!"

एका डिसेंबरात, नेरेइदा नावाच्या बाईच्या मुलीचा झगा हातात असताना, दिओसेलिनाचा उजवा हात आखडला. तिची हाक ऐकून मी धावले. बोटं सुईवर मिटली होती, उघडेनात. ती सुई मी एकेक बोट सोडवून काढली. डॉक्टर म्हणाले, मधूनमधून थांबत जा. ती "हो हो" म्हणाली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा खिडकीपाशी बसली.

हे कळल्यावर मास्तर जिना चढून आले. काखेत तालमीतलं एक जुनं, गजराचं यंत्र होतं.

"हे अर्ध्या तासावर लावलंय. वाजलं की पाच मिनिटं सुई खाली. परत वाजलं की उचला."

"मी काय तुमचा पैलवान आहे?"

"पैलवानाला निदान टेकायला स्टूल मिळतं. तुम्हाला तेही नाही."

पहिले काही दिवस तिने लबाडी केली. त्या पाच मिनिटांत दोरे ओवून ठेवायची. मास्तरांनी पकडलं तेव्हा लाजली नाही, उलट चिडली. "हात रिकामे ठेवून बसायचं कसं, ते सांगा ना!" शेवटी ती गॅलरीत येऊन उभी राहायला लागली. कोमट पाण्यात हात बुडवायची, कधी कच्च्या आंब्याच्या फोडी मिठात बुडवून खायची. माझ्याशी चार शब्द बोलायची. त्याआधी इतक्या वर्षांत मला तिच्या बहिणीचं नावही माहीत नव्हतं.

नेरेइदा नेमकी अशाच वेळी आली.

"कार्निव्हल तोंडावर आला आणि तुम्ही आंबे खात उभ्या?"

"बसा. वाजलं की येते."

"काय वाजलं की?"

दिओसेलिनाने यंत्राकडे बोट केलं. नेरेइदाला ती थट्टा वाटली. तिने अर्धवट झगा गुंडाळला आणि दुसरीकडे द्यायला घेऊन गेली. दिओसेलिनाने अडवलं नाही. संध्याकाळपर्यंत मात्र गजर वाजला तरी ती जागची हलली नाही, कारण हातात कामच नव्हतं.

त्या वर्षी कार्निव्हलला ती प्रथमच मोकळी होती. बसमध्ये बसून एकटीच लास ताब्लासला, कार्निव्हलसाठी गाजलेल्या गावी, गेली. आयुष्यभर पोयेरांवर भरतकाम करून, पोयेरा घालून नाचणारी एकही बाई तिने पाहिली नव्हती. दर वर्षी त्या दिवसांत ती पुढच्या झग्यावर वाकलेली असायची. परतली तेव्हा केस ओले होते आणि नाक वाहत होतं. कार्निव्हलात लोकांवर पाण्याचे फवारे सोडणाऱ्या टँकरवाल्यांनी गर्दीबरोबर तिलाही भिजवलं होतं.

"कशा दिसतात गं?" मी विचारलं.

"घेर उचलतात तेव्हा आतली बाजू दिसते," ती म्हणाली. "आतल्या बाजूचे टाके मी नेहमी घाईत घालत आले."

हात पूर्ण बरा झाला नाही. दोन बोटं बधिरच राहिली. त्यानंतर तिने वर्षाला एकच झगा घेतला, आतली बाजू नीट केलेला. मोठ्या घरच्या बायकांचं येणं थांबलं, दुसऱ्या आल्या. मास्तरांशी भांडण मात्र चालूच होतं. आता ती गॅलरीतून, तोंडात आंब्याची फोड घेऊन ओरडायची.