आठ धारांची भेंडी

कुंदा पांढरीपांडे बाभुळगावच्या शाळेत अठ्ठावीस वर्षं गणित शिकवत होत्या आणि शेजारच्या वर्गात मी मराठी. मधली भिंत पातळ होती. त्यामुळे त्यांचे निम्मे तास मी आपोआपच ऐकले.

त्यांचं गणित परसबागेतून यायचं. सूर्यफुलाचं वाळकं बोंड आणून त्यातल्या बियांच्या वळणदार रांगा त्या मुलांकडून मोजून घ्यायच्या. एका बाजूनं चौतीस, दुसऱ्या बाजूनं पंचावन्न. मग फळ्यावर लिहायच्या : एक, एक, दोन, तीन, पाच, आठ, तेरा. "मागचे दोन मिळवा, पुढचा मिळतो. झाडांना शाळेत जावं लागत नाही, पण हे त्यांना येतं."

एकदा त्यांनी भेंडी आडवी कापून शाईत बुडवली आणि कागदावर ठसा उमटवला. पाच पाकळ्यांची चांदणी. "भेंडीला धारा पाच. बघा, पाचसुद्धा आपल्या रांगेतलाच."

मागच्या बाकावरून आवाज आला. "बाई, आमच्या घरच्या भेंडीले आठ हायेत."

वर्ग हसला. बोलणारी होती प्रेरणा, आठवीतली, जवळच्याच खेड्यातून चालत येणारी. बाई म्हणाल्या, "दोडका पाहिला असशील. खोटं बोलू नये. बस खाली."

दुसऱ्या दिवशी प्रेरणानं डबा त्यांच्या टेबलावर ठेवला. आत चार भेंड्या होत्या, जाडसर, आखूड. बाईंनी एक उचलली, बोटानं मोजली, पुन्हा मोजली. मग सगळ्या वर्गासमोर म्हणाल्या, "प्रेरणा खरं बोलत होती. चूक माझी." मी ते भिंतीपलीकडून ऐकलं. बाई चूक कबूल करत नसत, म्हणून लक्षात राहिलं.

प्रेरणाच्या आईनं, धुरपताबाईंनी, राखेत घोळलेलं मूठभर बी फडक्यात बांधून पाठवलं. तेव्हापासून वीस-बावीस वर्षं बाईंच्या परसात ती भेंडी होती. आठ कोनांची चांदणी उमटवून बाई पोरांना कागद वाटायच्या. निवृत्त झाल्यावर पोरं गेली, भेंडी राहिली. मूलबाळ नव्हतं. पोस्टातून निवृत्त झालेले त्यांचे यजमान सदाशिवराव म्हणायचे, "मला घरात दोनच गोष्टी विचारून होत नाहीत. एक हिचं बोलणं, दुसरी हिची भेंडी."

शेजारचा मोकळा प्लॉट देवसिंग राठोडांनी घेतला. एसटीत ड्रायव्हर होते, निवृत्तीनंतर घर बांधलं. त्यांच्या सुनेनं कुंपणालगत बाजारातलं संकरित बी आणून भेंडी लावली. मधमाश्या या कुंपणावरून त्या कुंपणावर जायच्या. बाईंना ते दिसत होतं, पण त्यातून काय होईल हे सुचलं नाही. आकडे त्यांच्या हातातले होते, परागकण नव्हते.

पुढच्या पावसाळ्यात पहिला तोडा झाला. बाई विळीवर बसल्या. पहिली कापली, पाच. दुसरी, पाच. तिसरी वेडीवाकडी, सहा. त्यांनी सगळी टोपली कापून काढली. बत्तीस भेंड्यांमध्ये आठ धारांच्या फक्त दोन. आणि त्यांच्या आतल्या बियांत तरी काय मिसळलं असेल, कोण सांगणार? स्वयंपाकघरभर चकत्या पसरल्या होत्या. सदाशिवराव दारात येऊन थांबले. बाई म्हणाल्या, "गेलं हो. माझ्या हातानं गेलं."

त्या वर्षी त्यांनी कोणाला काही सांगितलं नाही. मलाही नाही.

त्यानंतरच्या जूनमध्ये प्रेरणाचा फोन आला. लग्न होऊन ती फुलसावंगीला गेली होती, अंगणवाडीत सेविका होती. "बाई, आई गेली मार्गशीर्षात," ती म्हणाली. "भावाईकडे आता समदं दुकानाचंच बी. घरचं बी गावात कोनाकडेच नाई राह्यलं. वर्षश्राद्धाच्या दिवशी आईच्या नावानं मले तिचीच भेंडी करा लागते. तुमच्याकडे असन न?"

"आहे ना," बाई म्हणाल्या. "तोवर तयार होईल. मीच घेऊन येते."

फोन ठेवल्यावर सदाशिवरावांनी विचारलं, "कोणतं बी आहे म्हणालीस?"

धुरपताबाई गेल्याचं ऐकलं आणि बाईंना त्या पोरीला नाही म्हणवलं नाही. आणि ज्या पोरीला भर वर्गात खोटं बोलू नकोस म्हटलं होतं, तिलाच आपण आत्ता खोटं सांगितलं, हे त्यांच्या मनातून हलेना.

माळ्यावर जुन्या काचेच्या बरण्या होत्या. त्यातल्या एकीवर चिठ्ठी होती, सहा वर्षांपूर्वीची. देवसिंगांचं घर होण्याआधीची. आत सेहेचाळीस दाणे. पण सहा उन्हाळे ते माळ्यावर तापलेले. बाईंनी ते रात्रभर भिजवून ओल्या फडक्यात गुंडाळले. तिसऱ्या दिवशी काही नाही. पाचव्या दिवशी फडक्याला वास यायला लागला. सातव्या दिवशी दोन दाण्यांनी पांढरी टोकं काढली. बाकीचे चव्वेचाळीस बोटानं दाबले की चिखल व्हायचे, तरी बाईंनी ते फेकले नाहीत, वाफ्यात पुरले. एकही वर आला नाही.

दोन रोपं झाली. पहिलं एका पावसाळी सकाळी गोगलगाईंनी बुडापासून खाल्लं. उरलं एक.

त्यानंतर बाईंचं वागणं पाहवत नव्हतं. झाडावर मच्छरदाणी, भोवती राखेचं कडं. जेवणाच्या ताटावरून उठून बघायला जायच्या. मी एकदा भेटायला गेले, तर बोलता बोलता मध्येच "थांब हं" म्हणून निघून गेल्या आणि अर्ध्या तासानं आल्या. हातापायाला चिखल, चेहरा उतरलेला. "नवीन पान आलं," एवढंच म्हणाल्या.

श्रावणात देवसिंगांच्या भेंडीवर हळद्या पडला. पानांच्या शिरा पिवळ्या होऊन सगळं झाड फिकट पडतं, आणि पांढरी माशी तो रोग या झाडावरून त्या झाडावर नेते. बाई तशाच उठून त्यांच्या अंगणात गेल्या.

"देवसिंगभाऊ, तुमची भेंडी उपटून टाका."

देवसिंग खाटेवर पेपर वाचत होते. "काहून म्याडम? अजून तोडे निघून राह्यले. सून भाजी करते न त्याची."

"तुम्हाला रोज भाजी मी आणून देते. पण उपटा."

"पन झालं काय?"

बाईंना नीट सांगता येईना. धारा, मधमाश्या, प्रेरणा, सगळं एकात एक. शेवटी म्हणाल्या, "माझ्याकडे एकच झाड उरलंय, भाऊ. एकच." आणि तिथंच, परक्याच्या अंगणात, पदर तोंडाला लावून रडू लागल्या. देवसिंगांची सून बाहेर येऊन बघत राहिली.

"एका झाडासाठी रडून राह्यल्या तुमी?" देवसिंग उठले, चपला घातल्या, बाईंच्या परसात आले. मच्छरदाणी उचलून त्या वीतभर रोपाकडे बराच वेळ बघत राहिले. "आमच्या तांड्यावरबी मायच्या हातचा एक वाल व्हता," ते म्हणाले. "गेला. कवा गेला तेबी नाई समजलं." दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी चौदाच्या चौदा झाडं उपटून जाळली. सून दोन दिवस त्यांच्याशी बोलली नाही.

तरी उशीर झाला होता. आठवड्यानं बाईंच्या झाडाच्या शेंड्याच्या पानावर पिवळी शीर दिसली. एक, मग तीन.

ओळखीच्या कृषी सहायकानं फोनवर सांगितलं, याला औषध नाही, झाड उपटून टाका. बाईंनी विचारलं, "रोग बियात उतरतो का?" तो म्हणाला, नाही उतरत. पण असं झाड बी धरेल याची आशा ठेवू नका. बाईंनी फोन बंद केला आणि झाड ठेवलं.

कळी आली की उमलण्याच्या आदल्या संध्याकाळी त्या तिचं तोंड दोऱ्यानं बांधायच्या, म्हणजे मधमाशी आत शिरणार नाही आणि फूल स्वतःच्याच परागानं फळेल. पहिली कळी गळली. दुसरी गळली. पाच गेल्या. बाई देवाला नवस बोलणाऱ्यांतल्या नव्हत्या, पण त्या दिवसांत सदाशिवरावांना कळंबच्या चिंतामणीला घेऊन गेल्या. "मागितलंस काय?" त्यांनी विचारलं. "आठ," त्या म्हणाल्या.

सहावी कळी धरली. भेंडी वाकडी, फिकट पिवळी, बोटभर. धारा आठ होत्या. ती झाडावरच वाळायला हवी होती, पण पाऊस परतला आणि चार दिवस थांबला नाही. शेंगेवर काळी बुरशी चढायला लागली. बाईंनी फांदीसकट कापली आणि गॅसच्या वरच्या खुंटीला टांगली. झाड दुसऱ्या दिवशी मान टाकून पडलं.

शेंग वाळून उकलली तेव्हा आत भरलेले दाणे नऊ निघाले. बाकी पोचट.

वर्षश्राद्धाच्या दिवशी बाई एकट्याच एसटीनं निघाल्या. सदाशिवरावांना येऊ दिलं नाही. दोन गाड्या बदलून दुपारी फुलसावंगीला पोचल्या. प्रेरणा दारात वाट बघत होती. तिनं हातात पाण्याचा तांब्या दिला. बाईंनी तो खाली ठेवला आणि उभ्यानंच सगळं सांगितलं.

प्रेरणानं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मंग फोनवर हाये म्हनून काहून सांगतलं, बाई?"

"लाज वाटली."

"म्या सहा महिने वाट पाह्यली. सासूले सांगतलं, आईची भेंडी येऊन राह्यली म्हनून." तिचा आवाज चढला. "तुमी तवाच सांगतलं असतं, तर म्या कुठीतरी हुडकली असती. आईच्या बहिनीकडे गेली असती. ते मावशीबी दसऱ्याले गेली."

प्रेरणा आत निघून गेली. बाई ओसरीवरच्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसल्या. आतून भांड्यांचा आवाज येत होता. त्यांनी घड्याळ पाहिलं, परतीची गाडी साडेतीनला होती. निघून जावं असं वाटलं, पण पिशवीतली दाण्यांची पुडी अजून द्यायची होती.

बऱ्याच वेळानं प्रेरणा ताट घेऊन आली. वरण, भात, पोळी, बाजारातल्या भेंडीची भाजी. "जेवा," ती म्हणाली. "उपाशी नाई जायचं आजच्या दिवशी." बाई जेवल्या. ताटातलं काही टाकलं नाही.

मग प्रेरणानं हात पुढे केला. बाईंनी पुडी उघडली. तिनं नऊ दाणे तळहातावर पसरले, पाच वेगळे केले आणि चार परत पुडीत टाकले.

"सगळे ठेव," बाई म्हणाल्या.

"एकाच घरी ठेवलं म्हनून तर गेलं न, बाई."

बसथांब्यापर्यंत ती सोबत आली.

उन्हाळी लागवडीला दोघींनी दाणे लावले. बाईंचे चारही उगवले नाहीत. त्यांनी माती उकरून पाहिली, टरफलं सापडली. प्रेरणाच्या पाचांपैकी दोन आले, आणि तिनं कळ्यांना दोरे बांधले. एका झाडाला धारा सात निघाल्या, दुसऱ्याला आठ. तिनं व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवला, पण फोटोत भेंडीची एकच बाजू दिसते, म्हणून बाईंनी व्हिडिओ कॉल लावला. प्रेरणा भेंडी हळूहळू फिरवत होती आणि बाई मोठ्यानं मोजत होत्या.

आठ धारांच्या झाडाचं बी प्रेरणानं पुडीत घालून पाठवलं आहे, तेवीस दाणे. बाईंनी ते अजून लावलेलं नाही. परवा गेले तेव्हा पुडी तशीच फडताळात होती. "लावा की," मी म्हटलं. "लावते," त्या म्हणाल्या. "भीती जाऊ दे जराशी." कुंपणापलीकडे देवसिंगांची सून वांग्याला पाणी घालत होती. त्यांच्या वाफ्यात भेंडी नव्हती.