रेंज नसलेल्या घरातला फोटो

आमच्या आचऱ्याच्या घरात त्या काळी मोबाइलला रेंज येत नसे. माडांच्या पलीकडे, होड्या ओढून ठेवतात त्या पुळणीवर गेलं की एखादी दांडी दिसायची. मी कणकवलीला एका कॉलेजच्या ऑफिसात नोकरीला होते, म्हणून माझ्याकडे फोन होता, साधा, बिनकॅमेऱ्याचा.

दोन हजार सहाचं साल असावं. माझ्या धाकट्या बहिणीला बघायला फोंडाघाटची माणसं आली होती. मुलगा शिक्षक, घरची काजूची बाग. सोबत त्याचे वडील, आत्या आणि कोल्हापूरला नोकरीला असलेले त्याच्या बहिणीचे यजमान. आमचे वडील त्या दिवशी होडीवर गेले नव्हते. आईने मासळीबाजार लवकर आवरला होता.

बहीण माझी जांभळी साडी नेसून खुर्चीवर बसली होती. मी चहाचे कप घेऊन दारात उभी होते. सगळे तिच्या शिक्षणाबद्दल विचारत होते, फक्त ते मेव्हणे गप्प होते. त्यांच्या हातात फोन होता. रेंज शोधणारा माणूस फोन खिडकीकडे नेतो, वर धरतो. यांनी तो छातीशी धरला होता, आणि त्याची पाठ माझ्या बहिणीकडे होती.

मी कप ठेवता ठेवता विचारलं, फोनात काय बघताय. ते म्हणाले, रेंज बघतोय.

"हय रेंज येणा नाय," मी म्हटलं. "कोणाच्याच फोनाक."

त्यांनी फोन खिशात टाकला. फार चटकन टाकला. वडिलांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी आत गेले.

पाहुणे गेल्यावर आई रागावली. मी पाहुण्यांचा अपमान केला, असं तिचं म्हणणं. मी म्हटलं, ते फोटो काढत होते. वडिलांनी एवढंच विचारलं, की फोटो काढताना तू डोळ्यांनी बघितलंस का? मी बघितलं नव्हतं. बहीण साडीची घडी करत होती. ती हळूच म्हणाली, "माका पण वाटला. तेंचा बोट हललेला."

माझ्या संशयाला कारण होतं. त्याच वर्षी आमच्या कॉलेजात स्नेहसंमेलनात नाचलेल्या एका मुलीचा फोटो ब्लूटूथवरून या फोनातून त्या फोनात फिरला होता. फोटोत वाईट काही नव्हतं. पण त्यावर मुलं जे बोलत, ते तिच्या कानावर गेलं आणि ती कॉलेजात यायची थांबली. तिचा नाव काढून घेण्याचा अर्ज मीच फायलीत लावला होता. त्या आठवड्यात मी एसटी स्टँडवर, दवाखान्याच्या बाकावर, जिथे कुणाचा फोन उभा धरलेला दिसेल तिथे पदर सावरत होते.

पाहुणे गेल्यावर चार दिवसांनी पसंतीचा निरोप आला. घरात आनंद झाला, पण बहीण अडून बसली. आधी फोटोचं विचारा, मग होकार द्या. रविवारी मी वडिलांना पुळणीवर नेलं आणि माझ्या फोनवरून मुलाच्या घरी बोलायला लावलं. वडिलांना ते फार जड गेलं.

पुढच्या रविवारी मुलगा एकटाच एसटीने आला. ओटीवर बसून त्याने सरळ कबूल केलं, की फोटो काढला होता. त्याची आई तीन वर्षं अंथरुणावर होती. तिला मुलगी बघायची होती, म्हणून मेव्हण्यांना सांगितलं होतं. आईला दाखवून फोटो पुसून टाकला.

वडील विरघळले. बहीण मात्र दाराआडून बाहेर आली.

"आवशीसाठी होयो होतो तर मी नीट बसान दिलंय असतंय," ती म्हणाली. "माका इचारूक काय झाला?"

तो खाली मान घालून म्हणाला, "आमचा चुकला."

आईशिवाय कुणी बघितला का, असं मी विचारलं. तो नाही म्हणाला. माझा विश्वास बसला नाही, पण बहिणीचा बसला. मे महिन्यात लग्न झालं.

लग्नात जेवणाच्या पंगतीत त्यांच्या गावची एक बाई माझ्या शेजारी होती. ती कौतुकाने म्हणाली, "नवरी मी आदीच बघितलंय. जांभळ्या साडयेत. आमच्या घोवाच्या फोनात आसा."

त्या दिवशी मी काही बोलले नाही. आठ दिवसांनी बहीण माहेरी आली तेव्हा सांगितलं. ती रडेल असं वाटलं होतं. ती सासरी गेली आणि तिने नवऱ्याला विचारलं. त्याला खरंच ठाऊक नव्हतं. त्याने मेव्हण्यांना कोल्हापूरहून बोलावून विचारलं तेव्हा कळलं, की आमच्याकडून परतताना कणकवलीला चहा पिताना त्यांनी गावातल्या दोन मित्रांना फोटो पाठवला होता; त्यांतला एक त्या बाईचा नवरा. गंमत म्हणून. मी नवऱ्या मुलाला खोटा ठरवून बसले होते, ते चुकलं.

नव्या सुनेने यावर बोलावं हे घरात कुणाला आवडलं नाही. फक्त सासू अंथरुणातून म्हणाली, फोटो मीच मागितला होता, जा आणि पुसून ये. दुसऱ्या दिवशी बहीण नवऱ्याला आणि मेव्हण्यांना घेऊन त्या दोघांच्या घरी गेली. फोन समोर ठेवायला लावले आणि आपल्या डोळ्यांदेखत फोटो काढून टाकायला लावला. पंगतीतल्या त्या बाईने तिला चहा दिला म्हणे, आणि माफी मागितली.

हे सगळं तिने मला फोंडाघाटच्या एसटीडी बूथवरून सांगितलं. मी विचारलं, त्या दोघांनी पुढे आणखी कुणाला पाठवला नसेल कशावरून?

"माका खंय ठावक?" ती म्हणाली. "नाय म्हणान सांगितल्यानी. माका थंयच थांबूचा लागला."

ती थांबली. मला मात्र त्या दोघांचं 'नाय' आजही पटलेलं नाही.