सरूचा आवाज आणि वालाची पाटी

सरू फोन घेईना, म्हणून निघाले. सरू माझी धाकटी बहीण, रोह्याला दिलेली. तीन महिन्यांपूर्वी तिच्या गळ्याचं ऑपरेशन झालं आणि बसलेला आवाज उठलाच नाही. तिची सून म्हणाली, "मावशी, त्या बोलतच नायत. लाजतात." मिठागराच्या एका टोकावरून दुसऱ्या टोकाशी भांडणारी बाई लाजते, म्हणजे प्रकरण गंभीर.

मी सांगतेय, नात मीनल टाइप करतेय. चुका तिच्या.

जाणाऱ्यांनी पेणच्या रामवाडीहून सकाळची एसटी धरावी. पंचाहत्तरीपुढे तिकीट नाही, मीनलला अर्धं. हाडांचे हाल मात्र दोघींचे सारखेच. नागोठण्याला गाडी थांबते, तिथे चहा घ्यावा, वडा घेऊ नये.

मीनल कॉलेजात बोलण्याचंच शिकते. गाडीतच म्हणाली, "आजी, गळ्यावर बोट ठेव. 'स्स' म्हण." काही नाही. "आता 'झ्झ'." बोटाखाली भुंगा. गळ्यात म्हणे दोन पट्ट्या असतात. लांब ठेवल्या की नुसता वारा, जवळ आणल्या की वाजतात. भाकरीतल्या 'भ'ला वाजतातही आणि वाराही सोडतात. करकचून मिटून सोडल्या की ठोका पडतो. सरूची एक पट्टी आळशी झालीय, म्हणून मिटतच नाहीत.

शेजारच्या सीटवरची बाई म्हणाली, "आजी, उलटी व्हतेय काय? पिशवी हाय माझ्याकडं."

"नाय गो, शिकतेय."

सरूचं घर धाटावच्या रस्त्याला. कंपनीची शिफ्ट सुटली की मोटारसायकलींपुढे कुणाचंच ऐकू येत नाही. ती मला बघून हसली, काहीतरी म्हणाली. सगळा वारा. शब्दांना हाडच नव्हतं. जेवताना मी ताट अर्ध्यात सारलं आणि वालाच्या बिरड्यात मीठ जास्त म्हणून खोटं बोलले.

सून हळूच म्हणाली, "डॉक्टरांनी भिंत ढकलत 'आ' म्हणायला सांगितलंय. माझ्यासमोर करत नायत. भिंत ढकलणारी सासू बघून लोक काय म्हणतील, म्हणतात."

उन्हं उतरली. अंगणात वाल वाळत होते, भरलेली पाटी आत घ्यायची होती. मिठागरात पाटी दोघींनी समोरासमोर उभं राहून उचलायची, हा आमचा जन्माचा कायदा. मी म्हटलं, "धर गो."

तिने धरली, श्वास कोंडला, उचलली आणि गळ्यातून निघालं, "अं!" घट्ट. ठोक्यासकट.

पाटी तिथेच ठेवली आम्ही.

मीनल म्हणाली, "वजन उचलताना पट्ट्या आपोआप मिटतात. डॉक्टरांची भिंत तीच. परत उचल, 'आ' म्हण."

अर्धे वाल काढले आणि उचलली. पुन्हा उचलली. सून दारातून म्हणाली, "अवो, वाल नेताय तरी कुठं?" सरूला हसू आलं, त्यात तो 'आ' गेला. पुढचा मात्र आला. थकली, तेव्हा थांबवलं.

दुसऱ्या दिवशी भ, घ अजून वाऱ्यावरच होते. आवाज पुरा येईल की नाही, डॉक्टरही सांगत नाहीत. मी चहा पीत रेंगाळले होते. सरूने दाराची चौकट दाबली, श्वास कोंडला आणि एकेक शब्द ठोकून काढला.

"अक्का. ऊठ. एसटी."

आता घरी आहे. मीनल म्हणते, शेवटी सांगायचं असतं, प्रवासात काय मिळालं. लिही बाई, सख्ख्या बहिणीने हाकलून दिलं आणि मी पेणपर्यंत हसत आले.