बायोआजी, तीन सॉफ्टवेअर आणि मी

कसं सांगू तुम्हाला, माझ्या एका मेसेजमुळे एक धडधाकट बाई अख्खी दुपार मेलेली होती.

मी शहापूरच्या एका छोट्या वाचनालयात काम करते. आमच्याकडे नवा कॉम्प्युटर आला आणि त्यावर ई-पुस्तकं वाचायला कुठलं सॉफ्टवेअर चांगलं, हे ठरवायचं काम माझ्या गळ्यात पडलं. मी तीन सॉफ्टवेअर उतरवून घेतली आणि तिन्हींत एकच पुस्तक उघडलं. पुस्तकाचं नाव ‘बायोआजी’. डोळखांब गावच्या बायोआजीच्या जात्यावरच्या ओव्या तिच्या नातीने, कल्पनाने, टाइप करून त्यांचं पुस्तक केलं होतं.

पहिल्यात जोडाक्षरं फुटली. दुसऱ्यात अक्षर मुंगीएवढं, मोठं करावं तर ओळ पडद्याबाहेर. तिसरं मात्र झकास. मग पहिल्या दोन्हींतून पुस्तक काढायला घेतलं. पहिल्याने विचारलं, ‘फाइलही काढायची का?’ मी म्हटलं, काढ बाबा.

मला काय ठाऊक, तिन्ही मिळून एकच फाइल वाचत होती! तिसऱ्यातही पुस्तक उघडेना. कॉम्प्युटरची कचरापेटी धुंडाळली, तीही रिकामी.

कल्पना मुरबाडला कंपनीत कामाला. फोन उचलेना. मी मेसेज केला, ‘माफ कर. बायोआजी गेली. माझ्याच हातून झालं.’ आणि आजीच्या पायावर डोकं ठेवायला डोळखांबची जीप पकडली.

जीपमध्ये एक काका आणि दोन बाया. बाया डोळे पुसत होत्या.

“कुठे चाललात?” मी विचारलं.

“बायोआजीकडं,” काका म्हणाले. “तुमाला समजलं नाय का?”

बातमी इतक्यात पसरली? आणि ओव्यांसाठी माणसं रडतात? मला भरून आलं.

“समजायचं काय काका, माझ्याच हातून गेली ती.”

बायांचं रडणं थांबलं. “कशी गो?”

“एक बटण दाबलं.”

“करंट लागला?”

“नाही हो. काढू का म्हणून मला विचारलं होतं. मीच हो म्हटलं.”

काका जरा सरकून बसले. डोळखांब येईपर्यंत बाया माझ्याकडे तिरक्या नजरेने बघत होत्या.

आजीच्या घरापुढे माणसं जमली होती. ओट्यावर बायोआजी सुपात नाचणी पाखडत बसली होती.

“एवढी सगली कशाला आलाव रे? कोन मेलं?”

शेवटी जीपमधले काका म्हणाले, “आजी, तू.”

“मी? मंग नाचणी कोन पाखडतंय?”

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. मी सगळ्यांसमोर सगळं सांगितलं.

तेवढ्यात कल्पना मोटरसायकलवरून रडतच उतरली. आजीला घट्ट धरलं, मग मेसेजचा खुलासा ऐकून माझ्याकडे वळली. “ताई, नुसतं ‘पुस्तक’ लिहायला काय झालं होतं? मी रडत सगळ्या नातेवाइकांना फोन केले! फाइल माझ्या लॅपटॉपवर हाय. पाठवते परत.”

आजी जिवंत, पुस्तकही जिवंत. माझा जीव भांड्यात पडला.

काका मात्र पाठीमागे हात घेऊन अवघडून उभे. हातात झेंडूचा भलामोठा हार. “आजी, आता याचं काय करू?”

आजीने मला नखशिखांत न्याहाळलं.

“आनलास तर फुकट नको घालवू. हिच्या अकलेला घाल.”