कुराणात नाय

देवाचं वाक्य कुठलं आणि माणसाचं कुठलं, हे नुसत्या कानाने ओळखणारा माणूस अख्ख्या मालवण तालुक्यात एकच, आणि हे मला भर सभेत कळलं. ईदच्या स्नेहमेळाव्यात दोन शब्द बोलायला मला उभं केलं होतं. सकाळीच मोबाईलवर आलेलं वाक्य मी ठोकून दिलं, "कुराणात म्हटलंच आहे, आधी उंट बांध, मग अल्लावर भरवसा ठेव." पहिल्या रांगेतून शांत आवाज आला, "कुराणात नाय." टाळ्यांसाठी उचललेले हात लोकांनी डोकं खाजवायला वापरले.

हे माझ्या बायकोचे शाळेतले मास्तर. निवृत्तीनंतर तोंडवलीत समुद्राकडे पाठ करून वाचत बसतात, कारण समुद्र पुस्तकात वाळू टाकतो. मेळावा संपल्यावर त्यांनी मला बाजूला घेतलं आणि उंटावरूनच शिकवणी घेतली. कुराण नुसतं विचारतं, उंटाकडे बघत नाहीत का, कसा घडवलाय? आणि लगेच आभाळाकडे वळतं. उत्तर तुमचं तुम्ही शोधा. पैगंबर बोलतात ते घरातल्या वडीलधाऱ्यासारखे, की बाबा, आधी दोरी बांध. आणि आताचे धर्मगुरू, मी विचारलं. मास्तर म्हणाले, "तुमचे काय नि आमचे काय, उंटार बसान शेळयो हाकतत."

हा कान त्यांनी कधी झाकून ठेवला नाही. रिक्षामागचं सुवचन ते रिक्षा थांबवून दुरुस्त करत. बाहेरून आलेल्या एका वक्त्याने घसा फोडून प्रवचन दिलं, तर मास्तरांनी त्याचा हात हातात घेऊन विचारलं, "आवाज बरो. मजकूर खंयचो?" त्यामुळे नातेवाईक त्यांना लग्नाला बोलावतात, पण भाषणं आटोपल्यावर, थेट जेवायला.

अशा माणसाच्या घरी पाहुणा टिकावा कसा? टिकायचा तो चाचीमुळे. मास्तरांनी दुखावलेला माणूस उठला, की चाची, म्हणजे मास्तरांची बायको, दारात आडवी उभी राहायची. "जेवल्याशिवाय जावचा नाय. पाहुणो उपाशी गेलो तर घराची बरकत जाता. कुराणात आसा." आतून मास्तर, "नाय." तोवर बांगड्याचं तिखलं पानात आलेलं असे, आणि त्याबरोबर मास्तरांचं 'नाय'ही गिळलं जाई.

गेल्या वर्षी चाची गेली. पाहुणे आटले. रत्नागिरीची लेक रोज फोनवर म्हणते, घराला कुलूप लावा, तिथे येतंय कोण?

परवा रविवारी बायकोने मला धाडलं. मास्तरांना बरं वाटावं म्हणून मी मुद्दाम मोबाईलवरचं एक भिकार सुवचन कुराणाच्या नावावर खपवलं. ते नुसते "हां" म्हणाले. मला भीतीच वाटली. मी जायला उठलो, तर मास्तर दारात येऊन उभे, चाचीच्या जागेवर.

"जेवल्याशिवाय जावचा नाय," ते म्हणाले. मग माडांकडे बघत हळूच, "कुराणात आसा."

भात करपला होता, तिखल्यात मीठ नव्हतं. मी मागून मागून जेवलो. तेवढ्यात लेकीचा फोन आला, आणि मास्तर तिला ताठ आवाजात म्हणाले, "मागसून कर. घरात पाहुणो जेवता हा."

घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं. तिने एवढंच विचारलं,

"तुम्ही 'नाय' म्हणाक नाय मां?"

मी कशाला म्हणतोय, म्हटलं.

"बरा केल्यात. फुडल्या आयतवारी मी पण येतंय. मीठ घेवन."