मोंजियाचा गुडघा

आमच्या गावातल्या बायकांचे गुडघे महिन्यातून एकदा दुखतात. अठरा वर्षांच्या पोरीचे दुखतात, चार लेकरांच्या आईचे दुखतात आणि पन्नाशी उलटली की आपोआप बरे होतात. इथे ट्युनिशियात, गाबेसच्या आखातात ओहोटी लागली की आम्ही चिखलात उतरून विळ्याने तिसऱ्या, म्हणजे शिंपले, काढतो, दिवसभर वाकून, खाऱ्या पाण्यात. त्यामुळे पुरुषांना हे गुडघ्याचं पटतंही. ‘आज गुडघा धरलाय’ म्हटलं की पुढे कुणी विचारत नाही आणि बाईला तीन दिवस घरी राहता येतं. हा शब्द पहिल्यांदा कुणाला सुचला देव जाणे, पण त्या बाईचे माझ्यावर फार उपकार आहेत.

माझी शेजारीण मोंजिया. एकेचाळिशीची, तीन लेकरांची आई, बोलायला फटकळ आणि हाताला घाईची. चिखल तिच्याइतका कुणाला कळत नाही. नवीन पोरी आल्या की त्यांना ती शिकवते. चिखलात दोन बारीक भोकं शेजारी शेजारी दिसली की खाली तिसरी आहे. आणि पाय रुतला तर ओढायचा नाही. ओढला की चिखल जास्तच धरतो. टाच वाकडी करायची, हवा आत जाऊ द्यायची, मग तो आपणहून सोडतो.

एवढं असून तिचा गुडघा नेमका मोठ्या ओहोटीलाच दुखायचा. चिखल लांबवर उघडा पडायचा, टोपल्या भरभरून यायच्या, आणि ही घरी. कपडा म्हणा, पॅड म्हणा, त्या पाण्यात तासाभरात भिजून उशी होते, आणि ती उशी चालताना कुठे जाईल याचा नेम नाही. एकदा मोंजियाची गेली होती. तेव्हापासून तिने धसकाच घेतला.

यंदा म्हाताऱ्या हनियाने चालणं सोडलं. तिचे गुडघे खरोखरच गेले. तीस वर्षं ती सगळ्यांत पुढे काठीने चिखल चाचपत जायची आणि आम्ही तिच्या पावलांत पाऊल टाकायचो. आता तिच्या जागी कोण, हा प्रश्न होता. आमच्याकडे हंगामाच्या पहिल्या दिवशी जी पुढे चालेल ती वर्षभर पुढे चालते. सगळ्यांच्या मनात मोंजिया होती. नव्हती ती फक्त सालहाच्या, म्हणजे मोंजियाच्या थोरल्या नणंदेच्या. सालहाची पन्नाशी झालेली, गुडघे ठणठणीत, आणि पुढे चालायची हौस दांडगी. भट्टीवर भाकरी भाजायला जमलो तेव्हा ती सगळ्यांदेखत म्हणाली, "जिचं पाऊल महिन्यातून तीन दिवस गायब असतं, तिच्या पावलांत आम्ही पाय टाकायचे कसे?"

मोंजियाला हे लागलं. तिने बोटांवर दिवस मोजले. हंगाम गुरुवारी उघडणार होता आणि गुडघा बुधवारी धरणार होता.

तिच्या बहिणीची मुलगी रिहाब स्फाक्स शहरात परिचारिका आहे. तिने कपड्याऐवजी आत बसवायचा एक कप पाठवला. मऊ, रबरासारखा, खाली बोटाच्या पेराएवढं देठ. मोंजियाने आधी मापावरून वाद घातला. मुलं झालेल्या बायकांसाठी मोठा असतो, असं रिहाब फोनवर म्हणाली, तर हिने विचारलं, "मी काय उंटीण आहे?" मग तो उकळायचा होता. हिने चहाच्या निळ्या किटलीत टाकला. नवरा तिजानी वासावर आला, काय शिजतंय म्हणाला. अंडं, असं हिने सांगितलं. अर्धं मला ठेव, म्हणून तो निघून गेला. त्या किटलीतला चहा मी पुढे महिनाभर घेतला नाही.

बुधवारी ठरल्याप्रमाणे गुडघा धरला. मी न्हाणीघराच्या दाराबाहेर उलट्या टोपलीवर बसले, हातात फोन, फोनवर रिहाब. ती सांगायची, मी दारातून आत ओरडायचे. घडी घाल, ढिली पड, श्वास सोड. मोंजिया ढिली पडणाऱ्यांतली नाही. चौथ्या खेपेला जमलं. मग ती विळा घेऊन अंगणात वाकून वाकून फिरली, कोंबड्यांमधून तिसऱ्या काढत असल्यासारखी, आणि येऊन म्हणाली की देठ टोचतंय. असं दिवसभर वाकले तर माझी सालटी निघतील. रिहाब म्हणाली, बाहेर काढ आणि देठ थोडं थोडं काप. आता थोडं थोडं हे मोंजियाच्या स्वभावातच नाही. तिने मेंढीची लोकर कापायची कात्री घेतली आणि देठ मुळापासून उडवलं.

त्यानंतर मात्र ती हरखली. काही टोचेना, काही जाणवेना. उकिडवी बसली, शिडी चढली, धाकट्याला पाठीवर घेऊन आली. आपल्याला काही झालेलंच नाही असं वाटतं, म्हणाली.

दुपार कलल्यावर ती कप काढायला आत गेली आणि बराच वेळ आली नाही. मग तिचा आवाज आला, रडवेला. धरायला देठच नव्हतं. कप वर गेला, आता पोटात जाणार, मला शहरात नेऊन फाडणार, असं काहीबाही ती बोलू लागली. रिहाब फोनवर शांतपणे सांगत होती की पुढे वाट बंद असते, कप कुठेही जात नाही, बाळंतपणात देतेस तशी कळ दे. मी शब्द न् शब्द आत पोचवत होते. पण घाबरलेल्या माणसाला शब्द ऐकू येतात कुठे? ती नुसती ओढत होती आणि कण्हत होती.

"झहबिया," ती आतून मला म्हणाली, "मी उद्या येत नाही. चालू दे सालहाला पुढे."

मला वाईटही वाटलं आणि रागही आला. वीस वर्षं जी चिखलात रुतलेला माझा पाय सोडवत आली, तिने एवढ्याशा कपापुढे हात टेकावेत? मी उठले आणि दाराला तोंड लावून म्हणाले, "मोंजिया, पाय रुतल्यावर पोरींना काय सांगतेस?"

आतली ओढाताण थांबली.

"ओढू नको," मी म्हणाले. "कड दाब, हवा जाऊ दे."

थोड्या वेळाने आतून आवाज आला, ओल्या चिखलातून टाच सुटते तस्सा. आणि मग मोंजियाचं हसू. फोनमध्ये रिहाब विचारत राहिली की मावशी, काय झालं, आणि आम्हा दोघींना हसण्यापुढे तिला उत्तर देता येईना.

गुरुवारी किनाऱ्यावर सगळ्या जमल्या. सालहा काठी घेऊनच आली होती. मोंजिया पुढे झाली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "कालपासून माझा गुडघा धरलाय." अशी गोष्ट कुणी पाण्याच्या तोंडाशी उभी राहून बोलत नाही. बायका तिच्या चेहऱ्याकडे बघायचं सोडून कपड्यांकडे बघू लागल्या. ती मात्र चालू लागली.

आम्ही तिच्या पावलांत पाऊल टाकत गेलो. सालहाने मुद्दाम बाजूला पाय टाकला आणि मांडीपर्यंत रुतली. जितकी ओढे तितकी आत. मोंजिया मागे वळून आली, तिचा दंड धरला आणि थोरल्या बाईला लावतात तो मान लावून अगदी अदबीने म्हणाली, "लल्ला सालहा, टाच वाकडी करा." माझ्याकडे बघायचं मात्र तिने टाळलं. बघितलं असतं तर आम्ही दोघीही हसत चिखलात बसलो असतो. पुढे सालहा मुकाट्याने तिच्याच पावलांतून चालली.

संध्याकाळी मी मोंजियाच्या अंगणात चहाला बसले होते. तिजानी मलमाचा डबा घेऊन आला. बहिणीने, सालहाने, त्याला वाटेत गाठून सांगितलं होतं की तुझी बायको दुखऱ्या गुडघ्याने सगळ्यांत पुढे चालली. हे कसं काय, असं तो विचारू लागला. काल दुखत होता ना? मग कुठला दुखत होता?

बावीस वर्षांत पहिल्यांदा मोंजियाने त्याला खरं सांगितलं. गुडघा म्हणजे काय आणि अंडं म्हणजे काय, दोन्ही.

तिजानीने हातातला चहाचा पेला खाली ठेवला. मग म्हणाला, "म्हणजे आईचा पण?"

"तिचा पण."

"मी लहान असताना तेल कोमट करून तिचा उजवा गुडघा चोळायचो. तिने सांगायचं नाही का?"

"सांगितलं असतं तर चोळला असतास?" मोंजिया म्हणाली.

त्याने थोडा वेळ आपल्या तळव्यांकडे बघितलं, मग मलमाचा डबा उघडला.

"पाय इकडे कर," तो म्हणाला. "आज चाललीस तर खरी."